शेवट हाती नसलेल्या गोष्टी

महाभारतातला संजय म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर थेट प्रक्षेपण उभं राहतं. राजा आंधळा, संजयाला दिव्यदृष्टी, आणि कुरुक्षेत्रावर बाण सुटला रे सुटला की हस्तिनापुरात त्याची वार्ता. भीष्मपर्व उघडून पाहिलं तर प्रकार वेगळाच निघतो. दहा दिवस युद्ध झाल्यावर संजय रणांगणावरून परततो आणि आल्या आल्या सांगून टाकतो की भीष्म पडले. धृतराष्ट्र कोसळतो, सावरतो, आणि मग म्हणतो, हे घडलं कसं ते पहिल्यापासून सांग. गीता येते ती अशा मागे वळून सांगितलेल्या हकिकतीत. द्रोण पडल्यावर पुन्हा तेच, कर्ण पडल्यावर पुन्हा तेच. सांगणाऱ्याला त्या त्या टप्प्याचा शेवट ठाऊक आहे, सबंध युद्धाचा नाही. आणि ऐकणाऱ्याची मुलं अजून लढताहेत.

चालू असलेल्या युद्धावर टीव्हीसाठी काल्पनिक मालिका लिहिणाऱ्यांची स्थिती याहून फार निराळी नसते. या पुस्तकाचा विषय अशाच मालिका. लढाई थांबलेली नाही, तहाच्या वाटाघाटी सुरूही झालेल्या नाहीत किंवा सुरू होऊन फिसकटल्या आहेत, आणि दर आठवड्याला एक भाग घरात येतोय. तो पाहणाऱ्यांत असे लोक आहेत की ज्यांचा मुलगा, नवरा, बहीण तिथे आहे. असेही आहेत, की ज्यांच्या गावावर ते युद्ध कोसळतं आहे. मात्र त्यांच्यापर्यंत ही मालिका पोहोचतेच असं नाही.

यावर पहिला आक्षेप घाईचा असतो. जखम ओली असताना कथा लिहू नये, काळाचं अंतर पडू द्यावं, असं आपल्याकडचे समीक्षक सांगत आले आहेत. रेमार्कची पहिल्या महायुद्धावरची कादंबरी पुस्तकरूपाने आली १९२९ मध्ये, म्हणजे बंदुका थांबल्यावर १० वर्षांनी. फाळणीवरची गोविंद निहलानींची ‘तमस’ दूरदर्शनवर आली ती १९८८ मध्ये, ४० वर्षांनंतर. पण तिच्यावरही कोर्टकचेऱ्या झाल्याच. मुंबई उच्च न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत प्रकरण गेलं. काळाचं अंतर पडलं की मनं शांत होतात हे काही खरं नाही. अंतराने एक गोष्ट नक्की मिळते, ती म्हणजे शेवट. कोण जिंकलं, कोण खोटं बोलत होतं, कोणाचं मरण फुकट गेलं, हे कळलेलं असतं, आणि ते कळल्यावर लेखक पहिल्या पानापासून त्या दिशेने चालू लागतो. चालू युद्धावर लिहिणाऱ्याकडे हा नकाशा नसतो. माझ्या मते तीच त्याची मिळकत आहे. जी मालिका हे नसणं कबूल करते ती टिकते, आणि शेवट कळल्याचा आव आणणारी दोन वर्षांत बघवेनाशी होते. पुढे ज्या मालिकांबद्दल लिहिलंय, त्या मी याच कसोटीवर घासून पाहिल्या आहेत.

सुरुवात ‘मॅश’पासून करणं भाग आहे, जरी ती वरवर पाहता या विषयात बसत नाही. १७ सप्टेंबर १९७२ रोजी अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर ती सुरू झाली. कथा कोरियातल्या युद्धाची, आघाडीमागच्या फिरत्या लष्करी रुग्णालयातल्या सर्जनांची; काळ १९५० ते १९५३. पण ती सुरू झाली तेव्हा अमेरिकेचं सैन्य व्हिएतनाममध्ये होतं आणि त्याच डिसेंबरात हनोईवर बॉम्बवर्षाव झाला. पाहणाऱ्याला कोरिया म्हणजे कुठला देश हे सांगावं लागत नव्हतं. आडून बोलण्याची ही रीत जुनी आहे. आपल्याकडे इंग्रजी अमदानीत कृ. प्र. खाडिलकरांनी ‘कीचकवध’ लिहिलं तेव्हा प्रेक्षकांना कीचक कोण ते बरोबर समजलं होतं. सरकारलाही समजलं, म्हणून नाटकावर बंदी आली. ‘मॅश’वर बंदी आली नाही. तिला वेगळी अट घातली गेली, आणि ती मला बंदीपेक्षा जास्त बोलकी वाटते. विनोदी मालिकांत ध्वनिमुद्रित हशा घालायचा, असा वाहिनीचा आग्रह होता. लॅरी गेलबार्ट आणि जीन रेनल्ड्स या कर्त्यांना तो नको होता. तडजोड अशी झाली, की हशा राहील, पण शस्त्रक्रियेच्या खोलीत नाही. त्यामुळे तंबूत, जेवणघरात, दारूच्या भट्टीशेजारी अदृश्य माणसं खिदळतात, आणि जखमी आले की एकदम गप्प होतात. ब्रिटनमध्ये बीबीसीने ती हशाशिवाय दाखवली. दोन्ही प्रकारे एकच भाग पाहिला, तर आपण दोन वेगळ्या मालिका पाहतोय असं वाटतं.

पहिल्याच पर्वात एक भाग आहे. सर्जन हॉकआय याचा बालमित्र पत्रकार आहे. दुरून बातम्या देणं सोडून तो सैनिक म्हणून आघाडीवर आलाय, कारण त्याला युद्धावरचं पुस्तक आतून लिहायचं आहे. भागाच्या शेवटी तो हॉकआयच्याच टेबलावर मरतो. पुस्तक अपुरं राहतं. हा भाग दाखवला गेला २८ जानेवारी १९७३ ला. आदल्या दिवशी पॅरिसमध्ये व्हिएतनामच्या शांतता करारावर सह्या झाल्या होत्या. हा योगायोगच, कारण भाग आधीच तयार होता. पण ज्या रात्री सगळं संपल्याची बातमी होती, त्या रात्री हा भाग पाहणाऱ्यांचा विचार करावा. करार झाला आणि युद्ध आणखी दोन वर्षं चाललं. मार्च १९७५ मध्ये मालिकेने कर्नल हेन्री ब्लेक या लाडक्या पात्राला घरी जायला निरोप दिला आणि त्याचं विमान पाडलं. शेवटच्या प्रसंगाचं पान बहुतेक नटांपासून ऐनवेळेपर्यंत लपवून ठेवलेलं होतं. विनोदी मालिकेत हे काय चालवलंय, अशी संतापलेली पत्रं आली. सहा आठवड्यांनी सायगाव पडलं.

त्यानंतर ‘मॅश’ला आडून बोलायला युद्धच उरलं नाही, आणि तरी ती आणखी आठ वर्षं चालली. तीन वर्षांच्या युद्धावर ११ वर्षांची मालिका! शेवटचा भाग २८ फेब्रुवारी १९८३ रोजी साडेदहा कोटींच्या आसपास लोकांनी पाहिला. उत्तरार्धात ती अधिक शहाणी, अधिक हळवी आणि, स्पष्ट बोलायचं तर, थोडी उपदेशक झाली. शेवट ठाऊक झाल्याचा हा परिणाम आहे असं मला वाटतं. इथे एक गंमतही नोंदवायला हवी: ज्या कोरियाला तिने संपलेलं युद्ध म्हणून निवडलं, ते अधिकृतपणे संपलेलंच नाही. २७ जुलै १९५३ ला शस्त्रसंधी झाली, शांतता करार आजतागायत नाही. त्या संधीनंतर मायदेशी परतायला नकार देणाऱ्या २२ हजारांहून अधिक युद्धकैद्यांच्या राखणीसाठी भारताचं दल कोरियात गेलं, त्याचे प्रमुख कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. छावणीचं नाव हिंदनगर. परत जायचं की नाही हे ज्यांना ठरवता येत नव्हतं अशा हजारो माणसांचा तो तळ ‘मॅश’च्या तंबूंपेक्षा मोठं नाटक होता, त्यावर कोणी मालिका काढायला हवी होती.

आडपडदा पहिल्यांदा पूर्ण दूर केला तो ‘ओव्हर देअर’ने, २००५ मध्ये. पोलिसी मालिकांनी अमेरिकी टीव्हीचा चेहरा बदलणारे स्टीव्हन बोचको आणि त्यांचे सहकारी ख्रिस जेरोल्मो यांनी ती एफएक्स वाहिनीसाठी केली. इराकमधलं युद्ध तेव्हा तिसऱ्या वर्षात होतं. पहिल्याच भागात एक तुकडी मशिदीबाहेर अडकते, आणि भागाच्या अखेरीस रस्त्यात पुरलेल्या बॉम्बने एका तरुण शिपायाचा पाय जातो. पुढे अर्धी कथा इराकमध्ये आणि अर्धी घरी घडते: बायकांचे व्हिडिओ निरोप, पैशांची ओढाताण, कृत्रिम पायाची सवय. हा घराकडचा भाग सच्चा आहे. इराक मात्र कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात उभा केलेला होता, आणि तो तसाच दिसतो. तिथून परतलेल्या सैनिकांनी चुकांवर बोट ठेवलं: असं कोणी उघड्यावर उभं राहत नाही, असं एकाच जागी घोळक्याने चालत नाही.

पण मालिका पडली ती त्यामुळे नाही. बोचको यांनी आधीच जाहीर केलं होतं की राजकारणात शिरायचं नाही. गोळ्या चुकवणाऱ्या पोराला राजकारणाशी काय देणंघेणं? वरकरणी हे पटतं. अडचण अशी, की राजकारण वगळलं की कॅमेरा आपोआप चिलखती गाडीत बसतो. समोरचा माणूस खिडकीतून दिसेल तेवढाच दिसतो: छपरावरची सावली, तपासणी नाक्याकडे वेगाने येणारी मोटार. तो इथे का आहे हा प्रश्न जसा निघत नाही तसा आपण इथे का आलो हाही निघत नाही. मग उरतं ते फक्त धैर्य, आणि धैर्य दर आठवड्याला पाहून पाहून मन थकतं. १३ भागांनंतर ती बंद झाली. त्याच ऑक्टोबरच्या अखेरीस इराकमध्ये मेलेल्या अमेरिकी सैनिकांची संख्या २,००० वर गेली. प्रेक्षकांनी पाठ फिरवली ती मालिकेकडे की युद्धाकडे, यावर वाद घालता येईल. मला वाटतं की मालिकेने त्यांना बातम्यांत न मिळणारं काही दिलंच नाही.

त्याच काळात बगदादमध्येही टीव्हीवर माणसं काम करत होती, हे अमेरिकी समीक्षकांना क्वचितच आठवलं. अल शर्किया वाहिनीवर ‘कॅरिकेचर’ नावाचा प्रहसनांचा कार्यक्रम लोकप्रिय होता. वीज नसणं, पेट्रोलच्या रांगा, मिलिशिया, परदेशी सैन्य, मंत्री, सगळ्यांची टर. त्यातले विनोदी नट वलीद हसन यांना नोव्हेंबर २००६ मध्ये गोळ्या घालून मारण्यात आलं. एकीकडे कॅलिफोर्नियातलं बनावट बगदाद आणि दुसरीकडे हे. चालू युद्धावरच्या मालिकांचा कुठलाही इतिहास या दोन चित्रीकरणांतलं अंतर मोजल्याशिवाय लिहिता येणार नाही.

‘होमलँड’ची गोष्ट या अंतराचीच आहे, पण विनोदी अंगाने. इस्रायली ‘हतुफीम’वरून घेतलेली ही मालिका २०११ ते २०२० अशी आठ पर्वं चालली. तिने पाकिस्तानसाठी केप टाउन वापरलं, आणि इस्लामाबादच्या लोकांना आपलं हिरवंगार शहर धुळकट गल्ल्यांचं झालेलं पाहून संताप आला. पाचव्या पर्वासाठी बर्लिनमध्ये सीरियन निर्वासितांच्या छावणीचा सेट उभारला. भिंतींवर अरबी मजकूर हवा म्हणून हेबा अमीन, काराम काप आणि डॉन कार्ल या कलाकारांना बोलावलं. त्यांनी भिंतींवर लिहिलं की ही मालिका वंशद्वेषी आहे, आणखीही बरंच काही. सेटवर ते कोणालाच वाचता आलं नाही. ऑक्टोबर २०१५ मध्ये भाग दाखवला गेला, नायिका त्या भिंतीशेजारून चालत गेली, आणि जगभरच्या अरबी प्रेक्षकांची करमणूक झाली. चार वर्षं अरब जगातल्या कटकारस्थानांवर मालिका चालवणाऱ्या निर्मिती संस्थेत भिंत वाचणारा एक माणूस नव्हता! यावर वेगळी टीका करायची गरज उरत नाही.

तरीही ‘होमलँड’ मी निकालात काढत नाही. शेवटच्या पर्वात तिने काबूल आणि तालिबानशी वाटाघाटी घेतल्या. ते पर्व ९ फेब्रुवारी २०२० ला सुरू झालं, आणि २९ फेब्रुवारीला दोहात अमेरिका आणि तालिबान यांच्यात खराच करार झाला. युद्धाचं काय होणार याचं उत्तर तिने दिलं नाही. नायिकेचा हिशेब मिटवला आणि युद्ध तसंच सोडून दिलं. पर्व संपल्यावर जवळपास सोळा महिन्यांनी, १५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल तालिबानच्या ताब्यात गेलं. मालिका आधीच थांबल्यामुळे तिला या घटनेसमोर खोटं पडावं लागलं नाही. यात शहाणपण किती आणि नशीब किती, कोण सांगणार.

‘फौदा’च्या बाबतीत नशिबाने साथ दिली नाही. लिओर राझ आणि पत्रकार आवी इसाखारोफ हे दोघेही वेश पालटून काम करणाऱ्या इस्रायली लष्करी तुकडीत होते. २०१५ मध्ये त्यांनी ही मालिका आणली. हिब्रूइतकीच अरबी तिच्यात बोलली जाते, आणि पॅलेस्टिनी पात्रांना आया आहेत, हट्ट आहेत, लग्नं आहेत. म्हणून तिचं कौतुक झालं. टीकाही तितकीच झाली, कारण नाक्यांवरचं, रांगांतलं, परवान्यांतलं रोजचं पारतंत्र्य तिच्यात जवळपास दिसत नाही. दिसतो तो पाठलाग. मला दोन्ही बाजू पटतात. पण तिच्या रचनेत मुळातच एक गृहीतक आहे, की हे असंच चालणार. एक पर्व, एक शत्रू, त्याचा माग, त्याचा अंत, मग पुढचा. संघर्ष कधी मिटणार नाही, पण आटोक्यात राहील, हा विश्वास म्हणजेच शेवट कळल्याचा आव. ७ ऑक्टोबर २०२३ ला तो विश्वास कोसळला. जेमतेम महिन्याभरानंतर मालिकेच्या चमूतला एक जण गाझात लढताना मारला गेला. जानेवारी २०२४ मध्ये तिच्यातला नट आणि गायक इदान अमेदी तिथेच स्फोटात गंभीर जखमी झाला. गाझातल्या आरोग्य मंत्रालयाच्या मोजणीप्रमाणे ऑगस्ट २०२४ पर्यंत तिथल्या मृतांचा आकडा ४० हजारांपलीकडे गेला होता. आता जुनी पर्वं लावली की त्यांतला थरार जुन्या कॅलेंडरसारखा वाटतो.

आपल्याकडे याच ‘फौदा’ची ‘तणाव’ झाली, २०२२ मध्ये, सुधीर मिश्रांच्या दिग्दर्शनाखाली, काश्मीर ही पार्श्वभूमी घेऊन. अभिनय चांगला आहे, दऱ्याखोरी खरी आहेत. पण दुसऱ्या भूमीवरच्या संघर्षाचा साचा उचलून काश्मीरवर बसवला, की इथला इतिहास साच्याच्या कडांबाहेर सांडतो आणि पुसून टाकावा लागतो. बिनशेवटाच्या गोष्टीची नक्कल करण्यात दुहेरी धोका असतो.

याउलट सीमेपलीकडे १९९८ मध्येच पीटीव्हीने ‘अल्फा ब्राव्हो चार्ली’ दाखवली होती. दिग्दर्शक शोएब मन्सूर, पाठबळ पाकिस्तानी लष्कराच्या प्रसिद्धी विभागाचं, आणि मुख्य भूमिकांत खरेखुरे लष्करी अधिकारी. तीन मित्र, त्यांची थट्टामस्करी, प्रेमप्रकरण, आणि मग सियाचीन. तिथे १९८४ पासून दोन्ही सैन्यं समोरासमोर होती. गोळीबार थांबला तो २००३ च्या शस्त्रसंधीने. लष्कराच्या पैशाने केलेली मालिका म्हणजे प्रचार, हे उघड आहे. पण धडधाकट, हसरा तरुण त्या बर्फातून कशा अवस्थेत परत येतो, हे तिने लपवलं नाही, आणि ते पाहिल्यावर प्रचाराचा रंग फिका पडतो. पुढच्याच वर्षी कारगिल झालं.

मराठीत अशी मालिका नाही. ‘लागिरं झालं जी’ २०१७ ते २०१९ या काळात घरोघर पाहिली गेली. साताऱ्याच्या मातीतली, फौजेत जायचं वेड असलेल्या आज्याची. तिचा मुक्काम बहुतांशी गावातच, नायिका शीतलीच्या अंगणात. याला मी कमीपणा म्हणत नाही. ज्या जिल्ह्यातलं अपशिंगे गाव घरटी फौजी देतं म्हणून ‘मिलिटरी’ हेच नाव लावतं, तिथे युद्ध असंच पोहोचतं: भरतीच्या धावण्यातून, सुट्टीच्या अर्जातून, बंद लागणाऱ्या फोनमधून. २०१६ च्या फेब्रुवारीत सियाचीनच्या सोनम चौकीवर कडा कोसळून १० जवान गेले, त्यांतला एक सातारा जिल्ह्यातला होता. ती चौकी आणि ते अंगण एका कथेत आणायला कोणी धजावलेलं नाही. वाहिन्यांना जाहिरातदारांची भीती वाटते की लष्कराची परवानगी आडवी येते, हे मला सांगता येणार नाही. प्रेक्षक पाहणार नाहीत ही सबब मात्र मी मानत नाही.

या सगळ्यांत माझी आवडती मालिका अमेरिकेची नाही आणि इस्रायलचीही नाही. अरब देशांत रमजानचा महिना हा मालिकांचा हंगाम. रोजा सोडला की घरदार टीव्हीसमोर, रोज एक भाग, ईदेपर्यंत सुमारे ३० भाग. सीरियाची या हंगामावर मोठी छाप होती, आणि २०११ मध्ये देश पेटल्यावरही तिथल्या लेखक-नटांनी काम थांबवलं नाही. काहींनी जुन्या दमास्कसच्या मोहल्ल्यांत आसरा घेतला: शूर पुरुष, सोशिक बायका, फ्रेंच अंमल. काहींनी उंबऱ्याबाहेरचं लिहिलं. रामी हन्ना यांनी दिग्दर्शित केलेली ‘गदन नल्तकी’ ही २०१५ च्या रमजानातली. लेबनॉनमधली एक ओस पडलेली शाळा, वर्गावर्गांत एकेक विस्थापित कुटुंब. त्यांत दोन भाऊ: एक राजवटीच्या बाजूचा, दुसरा विरोधातला. दोघांचाही जीव वर्दा नावाच्या एकाच बाईवर. वर्दाचं काम प्रेतांना शेवटची अंघोळ घालण्याचं.

एवढ्यावरूनही लक्षात येईल की इथे राजकारण वगळलेलं नाही. ते जेवणाच्या ताटावर आहे, संडासाच्या रांगेत आहे. भाऊ भांडतात ते देशावरून, पण भांडण पेटतं ते सिगारेटवरून किंवा पाण्याच्या बादलीवरून. तोफ जवळजवळ दिसत नाही. कोणीही शहाणा होत नाही. दोघांपैकी कोण बरोबर हे लेखकाने ठरवलेलं नाही, आणि न ठरवण्याची चालाखीही नाही. त्याला खरोखरच ठाऊक नाही, हे संवादांतून जाणवत राहतं. उद्या इथून हलायचं की युरोपची वाट धरायची, की कधीतरी परत, एवढाच प्रश्न रोज नव्याने उभा राहतो. युक्रेनच्या ‘इन हर कार’मध्ये हीच जात दिसते: २०२२ च्या हल्ल्यात एक मानसोपचारतज्ज्ञ बाई आपल्या मोटारीतून अनोळखी लोकांना सुरक्षित जागी नेते, आणि प्रत्येक भागात मागच्या सीटवर एक नवं आयुष्य येऊन बसतं. तिची मांडणी जरा जास्तच सुबक आहे. पण तीही युद्धाबद्दल भाकीत करत नाही.

८ डिसेंबर २०२४ ला बशर अल असद दमास्कस सोडून पळाले. त्यामुळे ‘गदन नल्तकी’ आता पहिल्यांदा पाहणाऱ्याला त्या दोन भावांना नसलेली माहिती असते, आणि विरोधातल्या भावाकडे कल झुकवून बसण्याचा मोह होतो. मालिका तो कल सहन करत नाही. राजवटीच्या बाजूचा भाऊ तिच्यात चुकलेला म्हणून लिहिलेलाच नाही. तो घाबरलेला आहे, हट्टी आहे, आणि भावासाठी भाकरीचा तुकडा बाजूला ठेवणारा आहे. शेवटच्या भागात काय होतं ते मी इथे सांगत नाही. पाहायला बसाल तेव्हा २०१५ हे साल तेवढं लक्षात ठेवा, आणि शक्य झालं तर रोज एकच भाग पाहा.